रियाज पहिल्या प्रयत्नाचा

"ताई, घरी अगदी बरोबर येत होतं." तबला शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर हे वाक्य वर्षभर पडत असतं. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर पडतं, गांधर्व मंडळाच्या परीक्षेच्या खोलीतून मूल बाहेर आलं की पडतं, शाळेच्या गॅदरिंगनंतर पडतं. मूल खोटं बोलत नसतं. शेजारी उभी असलेली आई मान डोलावते, तीही खरंच सांगत असते. घरी येत होतं हे नक्की. मग मंचावरच्या त्या चार मिनिटांत ते गेलं कुठं?

मी सांगलीत तबला शिकवते, आणि कीर्तनाला, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना साथ करते. या प्रश्नावर मोठी माणसं सहसा "घाबरला असेल" एवढंच म्हणतात आणि विषय मिटवतात. भीती असतेच. पण इतकी वर्षं मुलांना मंचावर पाठवताना माझं एक मत पक्कं झालं आहे: घर आणि मंच यांच्यातलं हे अंतर बहुतेक वेळा घरच्या रियाजातच तयार झालेलं असतं.

मूल घरी एक कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची तबल्याची रचना, घेऊन बसतं. पहिल्यांदा अडखळतं, पाचव्यांदा बरं वाजतं, विसाव्यांदा लख्ख वाजतं. मूल उठतं आणि समजतं, आला. त्याच्या लेखी त्या विसाव्या वेळचं वादन म्हणजे त्याची तयारी. मंचावर मात्र विसावी वेळ येत नाही. हात गार, तबला नुकताच जुळवलेला, समोर माणसं, आणि संधी एकच. विसाव्या प्रयत्नाच्या भरवशावर आपण मुलाला पहिल्या प्रयत्नाच्या परीक्षेला बसवतो. म्हणून माझ्या क्लासात रियाजाचं माप एकच आहे: आज बसल्या बसल्या, पहिल्याच वेळी कसं वाजलं? आम्ही त्याला 'पहिला हात' म्हणतो. हे माप धरलं की रियाजाच्या बऱ्याच सवयी बदलाव्या लागतात. कशा बदलाव्यात याबद्दल गेल्या काही दशकांत मानसशास्त्रानं बरंच शोधून काढलं आहे, आणि त्यातलं काही आपल्या तालमीत आधीपासूनच आहे.

तास किती, यापेक्षा तासात काय

आपल्याकडे रियाजाबद्दलचा पहिला प्रश्न तासांचा असतो. चिल्ल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. चाळीस दिवस जगापासून दूर, फक्त वाद्य आणि आपण. त्या साधनेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण शाळा, शिकवणी आणि प्रवास यांतून पाऊण तास काढणारं मूल त्या गोष्टी ऐकून एकच धडा घेतं, की आपल्याकडे तेवढे तास नाहीत, म्हणजे आपल्याला जमणार नाही.

या तासांच्या हिशेबाला जगभर बळ मिळालं ते एका अभ्यासामुळे. अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं दोन सहकाऱ्यांबरोबर पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे तीन गट होते: शिक्षकांच्या मते एकल वादक होण्याच्या योग्यतेचे, त्यांच्या खालोखालचे, आणि पुढे संगीतशिक्षक होणारे. अठराव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेल्या रियाजाचा त्यांच्याकडून अंदाज घेतला, तेव्हा सरासरी निघाली अनुक्रमे सुमारे ७,४००, ५,३०० आणि ३,४०० तास. विसाव्या वर्षापर्यंत पहिला गट सरासरी दहा हजारांपर्यंत पोचत होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधल्या पुस्तकानं हा दहा हजारांचा आकडा घराघरांत नेला, आणि तेवढे तास भरले की कोणीही पारंगत होतो असा समज पसरला. एरिक्सन यांना हा अर्थ मान्य नव्हता. दहा हजार ही सरासरी होती, त्या गटातल्या अनेकांचे तास त्याहून कमी होते, आणि त्यांचा स्वतःचा भर तासांपेक्षा त्या तासांत लक्ष कशावर आहे यावर होता. पुढे २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. संगीतात माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे २१ टक्के फरक सरावाच्या प्रमाणाशी जुळत होता. हा वाटा लहान नाही, पण नुसते तास मोजून वादक समजत नाही हेही त्यातून दिसतं.

बर्लिनच्या अभ्यासातली कमी सांगितली जाणारी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वरच्या दोन्ही गटांतले विद्यार्थी रोज सरासरी साडेतीन तास एकट्यानं रियाज करत, पण तो सलग नसे, मध्ये विश्रांती घेत. पुष्कळसा रियाज सकाळी होई. आणि तिसऱ्या गटापेक्षा ते जास्त झोपत, दुपारीही थोडं पडत. लक्ष देऊन केलेला रियाज माणसाला थकवतो, म्हणून त्यांना विश्रांती लागत होती. टीव्हीसमोर पाटावर बोटं आपटत काढलेल्या दोन तासांनी कोणी तसं थकत नाही. पाऊण तासच हाताशी असेल तर माझं सांगणं असतं की वीस मिनिटं पूर्ण लक्षानं बसा, पाच मिनिटं उठून पाणी प्या, हात मोकळे करा, पुन्हा वीस मिनिटं बसा. मनगट किंवा खांदा दुखायला लागला तर तिथंच थांबा. दुखण्यावर वाजवत राहिल्यानं हात तयार होत नाही, हात बिघडतो.

चूक सापडते तिथंच मुक्काम

२००९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. पियानो शिकणाऱ्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्टोतला एक छोटा, अवघड तुकडा दिला. वाटेल तेवढा वेळ सराव करा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तो वाजवायला लावला आणि वादनांची क्रमवारी लावली. किती वेळ सराव केला, किती वेळा वाजवलं, याचा त्या क्रमवारीशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो वेगळ्याच गोष्टीशी: आदल्या दिवशी वाजवलेल्यांपैकी बरोबर वाजवलेल्या वेळांचं प्रमाण किती होतं. वर आलेल्यांच्या हातूनही सरावात चुका झाल्या होत्या. पण चूक झाली की ते नेमक्या त्याच जागी थांबत, लय उतरवत, तेवढाच भाग नीट होईपर्यंत घोटत आणि मगच पुढे जात.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडचं नेहमीचं दृश्य आलं. मुलगा कायदा दुगुनीत वाजवतोय. चौथ्या पलट्यात, म्हणजे कायद्याच्या चौथ्या फेरफारात, तिरकिटाला बोट अडकतं. तो काय करतो? परत समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, जाऊन पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा चौथ्या पलट्यात अडकतो. पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासात मुखाचा रियाज तीस वेळा झालेला असतो आणि तिरकिटाचा, तोही चुकीचा, तीसच वेळा. त्याच्या हाताला चूक पाठ होते. अशा मुलांचा पेशकार आणि कायद्याची सुरुवात लखलखीत असते, आणि तिहाईला, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या शेवटच्या तुकड्याला, हमखास गोंधळ उडतो. कारण तिहाईपर्यंत तो घरी फारच क्वचित पोचलेला असतो.

त्यावर आम्ही दोन गोष्टी करतो. पहिली अशी की चुकलेला बोल शोधायचा आणि त्याच्या आधीचा एक, नंतरचा एक, एवढंच घ्यायचं. लय इतकी खाली आणायची की चूक होणं शक्यच नाही. नीट वाजू लागलं की एकेक पायरी लय वाढवायची, आणि पुन्हा चुकलं की एक पायरी उतरायचं. उतरण्यात कमीपणा नाही. दुसरी अशी की नवीन रचना शेवटाकडून शिकायची. आधी तिहाई, मग तिच्या आधीचा पलटा, मग त्याच्या आधीचा. असं शिकलं की वाजवताना आपण दर पावलाला अधिक ओळखीच्या मुलखात जातो. मंचावर शेवट जवळ येताना धीर वाढतो.

एक वही मात्र हवी. "आज रियाज केला" अशी नोंद मला चालत नाही. "कायद्याच्या चौथ्या पलट्यात तिरकिट, अनामिका उचलत नाही, ठाय लयीत बरं" अशी नोंद हवी. ज्या मुलाला आपली चूक अशी शब्दांत मांडता येते, त्याची ती चूक निम्मी सुटलेलीच असते.

आलटून पालटून, आणि मग झोप

विसाव्या वेळी लख्ख वाजलेला कायदा दुसऱ्या दिवशी पुन्हा अडखळतो, याचा मुलांना फार राग येतो. यात त्यांचा दोष नसतो. एकच गोष्ट लागोपाठ वाजवताना हाताला दर वेळी नव्यानं काही आठवावं लागत नाही, मागचंच पुढे चालू राहतं. म्हणून त्या वेळी ती सोपी वाटते. मंचावर मात्र सगळं थंड अवस्थेतून आठवूनच काढायचं असतं. तेव्हा रियाजातही ते आठवून काढण्याची सवय हवी.

हालचाली शिकण्याबद्दल शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की वेगवेगळ्या हालचालींचा मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडतात, पण काही दिवसांनी तपासलं तर त्यांनाच जास्त लक्षात असतं. संगीतात हेच पाहण्यासाठी क्रिस्टीन कार्टर आणि जेसिका ग्रान यांनी २०१६ मध्ये दहा क्लॅरिनेटवादकांबरोबर प्रयोग केला. काही रचनांचा सलग १२ मिनिटं सराव, तर काहींचा तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून आलटून पालटून. एकूण वेळ तोच. दुसऱ्या दिवशीच्या वादनांना मिळालेले गुण एकंदरीत आलटून पालटून केलेल्या सरावाच्या बाजूला झुकले. दहाच वादकांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, पण माझ्या क्लासातला अनुभव याच्याशी जुळतो.

म्हणून एक कायदा अर्धा तास घोटण्याऐवजी मी असं सांगते: पाच मिनिटं कायदा, पाच मिनिटं रेला, पाच मिनिटं नुसता झपताल लेहऱ्याबरोबर (लय धरून ठेवणाऱ्या फिरत्या सुरावटीबरोबर), आणि पुन्हा कायदा. परत आल्यावर कायद्याचा जो पहिला हात पडेल तो ऐका. तो अडखळला तर खूप चांगलं झालं, कच्ची जागा आजच कळली. अगदी नवीन बोल पहिल्यांदा हातात बसवताना मात्र सलग घोटणंच बरं. मिसळायचं ते थोडं बसल्यावर.

झोपेबद्दल आईवडिलांना विशेष सांगायचं आहे. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बोटांनी कळा दाबण्याचा एक ठरावीक क्रम शिकवला होता. दिवसभर जागं राहिल्यावर त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. रात्रभर झोपल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करत असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला बारापर्यंत तबल्यावर बसवणं म्हणजे त्याच्याकडून नेमकं हेच काढून घेणं. त्या रात्री नऊ वाजता तबल्यावर कापड टाकावं आणि मुलाला झोपू द्यावं.

हात न लावता वाजवणं

आपल्या तालमीतली एक गोष्ट या सगळ्या संशोधनाच्या फार आधीची आहे, ती म्हणजे पढंत. उस्ताद झाकीर हुसेन अनेकदा सांगत की लहानपणी वडील उस्ताद अल्लारखाँ त्यांना पहाटे तीनला उठवत आणि सहापर्यंत तालीम चाले. त्या तालमीत वाजवण्यापेक्षा तोंडानं बोल म्हणण्यावर भर असे. गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरून तोंडानं बोल म्हणून दाखवत. हे सामर्थ्य आधी मनातल्या लयीचं आहे, हाताचं काम त्यानंतर येतं. गांधर्व मंडळाच्या परीक्षेत हातावर ताल धरून ठेका ठाय, दुगुन, चौगुनीत म्हणायला लावतात. पुष्कळ मुलांना तो भाग म्हणजे गुणांसाठी करायची औपचारिकता वाटते. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातली ती सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे.

१९९५ मध्ये आल्व्हारो पास्क्वाल-लिओने यांच्या गटानं पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक पाठ दिला. एका गटानं पाच दिवस, रोज दोन तास तो वाजवला. दुसऱ्या गटानं तेवढाच वेळ पियानोसमोर बसून बोटं न हलवता तो मनात वाजवला. मेंदूच्या ज्या भागातून बोटांच्या हालचाली चालतात, त्या भागात दोन्ही गटांत सारख्याच प्रकारचे बदल दिसले. वादनात मनातला गट थोडा मागे होता, पण त्यानं एकदाच दोन तास प्रत्यक्ष वाजवल्यावर तो पहिल्या गटाच्या बरोबरीला आला.

याचा अर्थ तबल्याला हात लावायला नको असा नाही. सांगलीहून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीत बसूनही रियाज होऊ शकतो, असा आहे. डोळे मिटून चाटेवर पडणारं बोट, डग्ग्यावरचा दाब, लेहऱ्याची सम, सगळं मनात ऐकत आणि बघत एक कायदा तिहाईपर्यंत न्यावा. जिथं मनातलं चित्र पुसट होतं, नेमका तिथंच मंचावर हात चुकण्याचा संभव असतो. ती जागा वहीत लिहून ठेवावी.

मंचावर शरीरात काय होतं

आता भीतीबद्दल. नाव पुकारलं जातं, आणि शरीर ही परीक्षा जिवावरचं संकट समजून तयारीला लागतं. मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन रक्तात येतं. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, तोंड कोरडं पडतं. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, आणि तळव्यांना घाम येतो. तबलजीसाठी यातली प्रत्येक गोष्ट अडचणीची आहे. गार बोटांतून तिरकिट सुटत नाही, घामेजल्या मनगटामुळे डग्ग्यावरचा घिस्सा अडतो. गाणाऱ्याचा घसा सुकतो आणि तान अर्ध्यात दम सोडते. वेळेचा अंदाजही बदलतो. घरी ठरवलेली लय मंचावर संथ वाटते आणि आपण नकळत ती चढवतो.

हे फक्त नवशिक्यांना होतं असं मुलांना वाटतं, आणि म्हणून लाज वाटते. जगप्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना ही भीती आयुष्यभर होती. १९०१ मध्ये अमेरिकेत डोंगर चढताना त्यांच्या डाव्या हातावर दगड कोसळला, तेव्हा मनात पहिला विचार आला तो आता चेलो वाजवावा लागणार नाही या सुटकेचा, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्यानंतरही ते कितीतरी दशकं वाजवत राहिले. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं जाहीर मंचापासून दूर होते, आणि मग परतले. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यवृंदांतल्या दोन हजारांहून अधिक वादकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे २७ टक्क्यांनी छातीची धडधड आवरणारी बीटा-ब्लॉकर औषधं घेतल्याचं सांगितलं. ही औषधं दमा असणाऱ्याला धोक्याची ठरू शकतात, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्यांना हात लावू नये. पण मंचाच्या भीतीनं झोप, जेवण किंवा वादनच सुटायची वेळ आली असेल, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच कशाला? गुडघा दुखला तर आपण जातोच.

बहुतेकांना मात्र औषध लागत नाही, समज लागते. "शांत हो, घाबरू नकोस" हा आपला नेहमीचा उपदेश फारसा चालत नाही, कारण धडधडणारं हृदय सांगून थांबत नाही. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांसमोर गाणं म्हणायला लावलं होतं. गाण्याआधी काहींनी "मला धास्ती वाटतेय" असं म्हणायचं, काहींनी "मला उत्साह वाटतोय" असं. सूर-लय मोजणाऱ्या यंत्रानं उत्साह म्हणणाऱ्यांना जास्त गुण दिले. दोघांचं हृदय धडधडतच होतं, फक्त त्या धडधडीकडे बघण्याची नजर बदलली होती. मी मुलांना हेच सांगते: छाती धडधडली की समज, शरीर वाजवायला तयार झालंय.

आणखी दोन उपाय. एक श्वासाचा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. आम्ही तो एकतालात करतो: सेकंदाला एक मात्रा, चार मात्रांत श्वास आत, आठ मात्रांत बाहेर. विंगेत उभं राहून अशी पाच-सहा आवर्तनं केली की बोटांत थोडी ऊब येते आणि मनात लयही स्थिर होते. दुसरा उपाय लक्षाचा. वाजवताना बोटांवर नजर ठेवली की वर्षानुवर्षं बसलेली हालचाल विस्कटते. २०११ मध्ये ड्यूक आणि सहकाऱ्यांनीच दाखवलं की कळफलकावर बोटांकडे लक्ष देण्यापेक्षा निघणाऱ्या आवाजाकडे लक्ष दिलं तर वादन अधिक समतोल होतं. बोटांची काळजी घरच्या रियाजात घ्यायची. मंचावर कान लेहऱ्याकडे, गायकाच्या श्वासाकडे, डग्ग्याच्या घुमाऱ्याकडे ठेवायचा.

न थांबायचा रियाज

वर मी चुकीपाशी थांबायला सांगितलं. पण सगळाच रियाज तसा केला तर एक धोका आहे: मूल मंचावरही चुकल्यावर थांबतं, चेहरा पाडतं, कधी परीक्षकांकडे बघून "सॉरी" म्हणतं. म्हणून रोजच्या रियाजाचे दोन भाग हवेत. पहिल्या भागात चूक झाली की थांबायचं. शेवटच्या दहा मिनिटांत काहीही झालं तरी थांबायचं नाही. बोट घसरलं, पलटा विसरला, तरी ठेका धरायचा, पुढची सम गाठायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. क्लासात मी यासाठी मुद्दाम व्यत्यय आणते. मधेच लेहऱ्याची लय चढवते, दार वाजवते, दुसऱ्याशी मोठ्यानं बोलते. पहिल्यांदा मुलं कावरीबावरी होतात. काही आठवड्यांत त्यांना कळतं की चूक झाली तरी आवर्तन चालू असतं आणि सम पुन्हा येतेच.

पहिल्या हाताचा रियाजही असाच करता येतो. रोज एकदा, कोणतीही तयारी न करता, मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून एक रचना वाजवायची, आणि दुसरा प्रयत्न करायचा नाही. कधी जिना दोनदा चढून उतरून, धापा टाकत बसायचं आणि तसंच वाजवायचं. धडधडत्या छातीनं वाजवण्याची ओळख घरीच झालेली बरी. कार्यक्रमाचे कपडे घालून, त्या दिवशी वापरणार त्याच बैठकीवर एकदा पूर्ण कार्यक्रम करून पाहायचा. आणि छोटे मंच शोधायचे. शेजारच्या काकू, वाड्यातलं भजनी मंडळ, गणपतीतली आरती, महिन्याची घरगुती बैठक. आमच्या शेजारी मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीत कलावंत हजेरी लावतात. नावाजलेले लोकही तिथं समोर बसलेल्या साध्या श्रोत्यांसाठी मांडी घालून गातात-वाजवतात. मुलांना ते बघायला नक्की घेऊन जावं.

कार्यक्रमाच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. लवकर पोचायचं, कारण वातानुकूलित सभागृहात आणि दिव्यांच्या उष्णतेत तबला उतरतो-चढतो, त्याला तिथल्या हवेत थोडा वेळ द्यावा लागतो. हातोडी आणि पावडर जवळ ठेवायची. पहिलं आवर्तन मनात म्हणायचं, लेहऱ्याची लय नीट ऐकायची, आणि घाई न करता हात ठेवायचा.

आईवडिलांकडे माझी एक मागणी आहे. कार्यक्रम संपल्यावर घरी जाताना चुकीबद्दल एक शब्दही काढू नका. मुलाला ती चूक तुमच्याआधी कळलेली असते. दुसऱ्या दिवशी वही काढा आणि विचारा, कुठं अडलं, आणि अडल्यावर सम कशी गाठलीस? त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मूल अभिमानानं सांगू लागलं की मंच त्याचा झाला असं समजा. एका वाईट कार्यक्रमानंतर तबला, गाणं, हार्मोनियम कायमची सोडून देणारी गुणी मुलं मी बघितली आहेत, आणि त्याचं मला अतिशय वाईट वाटतं. त्यांच्यात कला होती. अनोळखी माणसांसमोर, गार हातांनी, एकाच प्रयत्नात ती कशी मांडायची हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हे शिकवता येतं, आणि ते शिकवणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे. ठेका आणि कायदा शिकवतो तितक्याच गांभीर्यानं, आणि पहिल्याच वर्षापासून, ते आपण करायला हवं.